बोलणी चालू असताना

गावात त्याला पाहुणा म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे पाहुणा. चौतीस वर्षं तो देशोदेशी आपल्या सरकारची बाजू मांडत राहिला, शेवटची आठ वर्षं राजदूत म्हणून. त्या चौतीस वर्षांत दर तिसऱ्या वर्षी वीस दिवस यायचा. दोन बॅगा, एक छत्री. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा आणि समोरून कुणी गेलं की उठून उभा राहायचा, मग तो शेळ्या राखणारा का असेना. निवृत्त होऊन कायमचा आला, वडिलांच्या जमिनीतल्या आपल्या अर्ध्या वाट्यावर घर बांधलं, फाटक बसवलं, पायात रबरी बूट चढवले, तरी नाव काही सुटलं नाही. पाच वर्षं झाली होती त्याला. घरी कामाला येणारी मावशी म्हणायची, "साहेब, यंदा मुक्काम लांबला हो तुमचा!"

तो हसायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि घरात चेष्टा करायला मावशीशिवाय कुणी नव्हतं.

दुसरा अर्धा वाटा थोरल्या भावाचा. मधे नुसता बांध. चौतीस वर्षं दादानं दोन्ही अर्धी कसली. धाकट्याचं धान्य वेगळ्या कोठीत भरलं, धाकट्याच्या झाडाची फळं वेगळ्या पाटीत काढली. धाकटा परत आल्यावर मागून आणलेलं भांडं घासूनपुसून परत करावं तशी त्याची जमीन त्याच्या हातात दिली. बांध नवा घातलेला, विहिरीतला गाळ उपसलेला, कोपऱ्यातलं तण खुरपलेलं. "तुझं तू घे," एवढंच म्हणाला.

धाकट्यानं घेतलं. पहिल्याच वर्षी त्यानं शेतीची पुस्तकं मागवली, नकाशा काढला, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला. रोज सकाळी मजुरांची बैठक घ्यायचा. मजूर विळे मांडीवर ठेवून मान डोलवत ऐकायचे आणि बैठक संपली की भिंगरीकडे बघायचे. मग भिंगरी सांगायची काय करायचं ते.

भिंगरी म्हणजे दादाची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आता एकतीस वर्षांची झाली तरी भिंगरीच. आई लहानपणीच गेलेली. बापाच्या पाठोपाठ शेतात वाढली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी विहिरीचं बघू, मग नवऱ्याचं." बापाचं शेत उरकून ती बांध ओलांडून काकाच्या शेतात यायची. माती चिमटीत धरून वास घ्यायची, पान उलटं करून बघायची, मजुरांना दोन शब्दांत काम लावायची. खुरपताना गायची. कुणाचं शिकलेलं नाही, तिचं तीच जुळवायची:

काळ्या गं मातीला, नाही कुणाची ओळखदेख
जो तिला हात लावी, त्याची होते ती लेक

काका ओसरीवरून ऐकायचा. पाच वर्षांत त्याच्या शेतात जे काही उगवलं ते या पोरीच्या हातून उगवलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसं तो कधी बोलला मात्र नव्हता. बोलायचं राहून गेलं होतं.

एके सकाळी दादा आला. "वर ये ना," म्हटलं तरी दुसऱ्या पायरीवरच बसला.

"आत चल, दादा. चहा टाकायला सांगतो."

"नको. पाय मातीचे आहेत."

"माती आपलीच आहे की."

"ही तुझी. माझी पलीकडे," दादा म्हणाला आणि हसला. मग हसू पुसून टाकल्यासारखं करून म्हणाला, "हे बघ, माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. पोर हुशार आहे, तू बघतोसच. तुझी जमीन तिला कसायला दे. अशी येऊन जाऊन नाही, रीतसर. काय पेरायचं, काय नाही, ते तिनं ठरवायचं. पिकेल ते निम्मं तुझं, निम्मं तिचं. माझं शेत आहेच तिचं. दोन्ही मिळून तिचं पोट भरेल आणि मनही. पेरणीच्या आधी काय ते सांग."

धाकट्याच्या छातीत 'हो' असं उसळलं, की आता ओठांतून उडणारच. हेच तर त्याला हवं होतं. त्याला वाटलं, उठावं आणि भावाला मिठी मारावी. पण त्यानं तो शब्द गिळला, आणि त्याच्या नोकरीत जे सर्वांत आपुलकीचं उत्तर समजलं जायचं ते दिलं.

"तुझं म्हणणं मी नीट ऐकलंय, दादा. त्यावर गांभीर्यानं विचार करतो."

दादा पायरीवर जरा पुढं सरकला. अजून काही येतंय का, म्हणून त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. काही आलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि चालू लागला.

दादानंही एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याच्या घरी फळीवर एक पत्र होतं. शहराजवळच्या एका मोठ्या रोपवाटिकेनं भिंगरीला कामावर बोलावलं होतं, रोपांच्या सगळ्या विभागावर देखरेख करायला, आणि महिनाअखेरीला उत्तर मागितलं होतं. भिंगरी म्हणाली होती, "काका हो म्हणाले तर मी कुठं जात नाही, बाबा. नाही म्हणाले तर मात्र मला जाऊ दे. दुसऱ्याच्या शेतात पाहुणीसारखं किती दिवस राबायचं?" हे पत्राचं दादानं पायरीवर बसून मुद्दामच काढलं नाही. दे, नाहीतर ती जाईल, असं भावाला म्हणणं म्हणजे दम देणं. आणि हो म्हणायला माणसाला असा कितीसा वेळ लागतो?

इकडे धाकट्यानं टेबल पुसून घेतलं, दिवा उजव्या हाताचा डाव्या हाताला केला आणि कागद पुढं ओढला.

नोकरीत लागला तेव्हा त्याचे पहिले राजदूत एक किडकिडीत, खोकणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना थोरले साहेब म्हणत. हिरव्या पेन्सिलीनं ते पोरांचे मसुदे तपासायचे आणि शिकवायचे: पहिला मसुदा आपल्या मनासाठी, तो फाडायचा. दुसरा आपल्या सरकारसाठी, तो कपाटात ठेवायचा. तिसरा समोरच्यासाठी, तोच काय तो बाहेर जाऊ द्यायचा. आणि दुसरं असं, की बोलणी चालू असताना त्या विषयावर बाहेर अवाक्षर काढायचं नाही. समोरचा जेवणात भेटला, बागेत भेटला, तर हवापाण्याचं बोलायचं. त्याच्याबरोबरच्या एकानं एकदा हे पाळलं नाही. आनंदाच्या भरात फोनवरच हो म्हणून बसला, आणि त्या घाईच्या शब्दापायी दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. धाकट्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि त्यानं स्वतः पाळलं म्हणून एकेचाळीस कोळी घरी परतले होते. परक्या हद्दीत शिरले म्हणून दुसऱ्या देशानं धरलेले कोळी. अकरा महिने तो त्या देशाच्या माणसांशी एका लांब टेबलावर बसला. ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कोळी बंदरात उतरले त्या दिवशी एक म्हातारा त्याच्याजवळ आला आणि त्याच्या कोटाची बाही चाचपून गेला. आयुष्यात आपण एवढं एक खरं काम केलं, असं त्याला वाटायचं.

तर आता भिंगरीसाठी तो तसंच काम करणार होता. घाईचं, तोंडदेखलं नाही. आपल्यामागं कुणी येऊन तिला हुसकावू नये, असं पक्कं. कलमं पाडली. अकरा झाली. पहिल्याच कलमात हो होतं. तिसऱ्यात त्यानं निम्म्याचे दोन तृतीयांश केले, तिच्या बाजूनं. सातवं कलम विहिरीचं: ती खोल करायची झाल्यास भिंगरीनं मालकाला विचारायची गरज नाही. या एका वाक्याला चार दिवस लागले. 'गरज नाही' लिहिलं की उपकार केल्यासारखं वाटायचं, 'अधिकार राहील' लिहिलं की कचेरीतलं. कागद भरायचे, चुरगळायचे, टोपलीत पडायचे.

"काय लिहिताय एवढं?" मावशी टोपली रिकामी करताना विचारायची. "मृत्युपत्र की काय?"

"छे गं. उलट आहे."

"मग जन्मपत्रिका असेल."

"तसंच समज."

"समजते. पण भात गार होतोय, तो काही समजून घेणार नाही."

भिंगरी या दिवसांतही रोज यायची. फाटकाशी थांबायची. पूर्वी थांबायची नाही, सरळ शेतात शिरायची. आता थांबायची, हातातलं खुरपं या हातातून त्या हातात घ्यायची. काका ओसरीवरून उठून उभा राहायचा.

"काय म्हणतंय आज आभाळ?" तो विचारायचा.

"आभाळ काय, आहे आपलं वर," भिंगरी म्हणायची. "तुम्ही काय म्हणता, काका?"

"मी म्हणतो, वारा फिरलाय जरा."

"हं. फिरलाय खरा."

ती थोडा वेळ उभी राहायची. त्याला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे! एका शब्दानं विषय काढत नाही. जन्मजात मुत्सद्दी. आणि तो आत जाऊन पुन्हा सातव्या कलमावर बसायचा. एक दिवस दादाही बांधावर भेटला. दोघं भाऊ जवळजवळ अर्धा तास उभे होते. वाऱ्याबद्दल बोलले, उंदरांबद्दल बोलले, वडील किती मोठ्यानं घोरायचे त्यावर हसले. जाताना दादा दोन पावलं जाऊन थांबला, मागं वळला. धाकट्यानं हात वर केला. दादानंही केला.

सतराव्या दिवशी मावशीनं ताट ठेवता ठेवता सांगितलं, "भिंगरीनं बॅग भरलीय म्हणे. शहरात कुठं कामाला चाललीय. झाडांच्या कारखान्यात."

"रोपवाटिका म्हणतात त्याला."

"काहीही म्हणा. बॅग दारात आणून ठेवलीय. मी बघितली डोळ्यांनी. निळी आहे."

हे ऐकून तो दचकायला हवा होता. त्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सामान दारात! ते कोळ्यांचं चाललं होतं तेव्हा समोरच्या मंडळींनी तीनदा बॅगा भरून हॉटेलच्या दारात रचून ठेवल्या होत्या. एकदा तर मोटारीतही चढवल्या. त्याच्या हाताखालची पोरं घाबरीघुबरी होऊन धावत आली होती, आणि त्यानं त्यांना सांगितलं होतं, बसा, चहा घ्या. ज्याला खरंच जायचं असतं तो बॅग दिसेल अशी ठेवत नाही. बॅग दाखवली म्हणजे करार जवळ आला. अशा वेळी आपण खिडकीशीही जायचं नाही.

"अहो, हसताय काय?" मावशी म्हणाली. "पोर चाललीय!"

"नाही जायची ती."

"तुम्हाला सांगितलं का तिनं?"

"मावशी, या गोष्टी मला कळतात. आयुष्य गेलं माझं यात."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या जरा आपटूनच ठेवला.

त्या रात्री त्यानं आणखी एक कलम तिच्या बाजूनं सैल केलं. दुसऱ्या दिवशी बाजारगावी जाऊन जाड कागद आणला, स्वच्छ प्रत काढली, कडेला भोकं पाडून दोरा ओवला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि बांध ओलांडून भावाकडे निघाला. चालताना त्याला लहान झाल्यासारखं वाटत होतं. परीक्षेत पहिला आलो की हाच रस्ता, हाच दादा.

दादा अंगणात सूप घेऊन बियाणं निवडत बसला होता. किडके दाणे एका बाजूला, चांगले एका बाजूला.

"भिंगरी कुठाय?" धाकट्यानं विचारलं. "बोलव तिला. दोघांच्या समोरच वाचतो."

"गेली."

"शेतात?"

"सकाळच्या बसनं गेली." दादानं सुपातला एक दाणा उचलला, उजेडात धरला, किडक्यात टाकला. "काल उत्तर द्यायचं होतं त्यांना. दिलं."

धाकटा उभाच राहिला. दाराशी ओट्यावर एक चौकोनी जागा बाकीच्या ओट्यापेक्षा स्वच्छ दिसत होती. तिथं काहीतरी दोन दिवस ठेवलेलं होतं आणि धूळ आजूबाजूला बसली होती.

"पण मी... दादा, हे बघ ना. अकरा कलमं आहेत. मी रात्रंदिवस..."

दादानं सूप खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि कागद घेतले. त्याचा चष्मा आत होता. त्यानं नुसते अंगठ्यानं कागद चाचपले.

"कागद चांगला आहे," तो म्हणाला. "जाड आहे."

"वाचून दाखवतो."

"यात हो लिहिलंय?"

"पहिल्याच कलमात."

"मग ते त्या दिवशी पायरीवर का नाही सांगितलंस?"

धाकट्याजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. ज्याला नसेल त्याला वेळ मागायची रीत असायची. आता त्यानं वेळही मागितला नाही.

"मी समजलो, तुला द्यायची नाही," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "म्हटलं, तोंडावर नाही कसं म्हणेल बिचारा. सभ्य माणूस आहे. पोरीला म्हटलं, काकाला पेचात टाकू नकोस, पुन्हा विचारू नकोस. तरी ती रोज यायची तुझ्या फाटकाशी. मी म्हटलं, कशाला जातेस? म्हणाली, त्यांच्या मनात आलं तर मी समोर असलेली बरी."

त्यानं कागद परत दिले आणि सूप मांडीवर ओढलं. "बियाणं निवडलंय खरं," तो सुपाकडे बघत म्हणाला, "पण पेरतंय कोण?"

आठ दिवसांनी धाकटा शहरात गेला. रोपवाटिका शहराबाहेर होती. पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब मांडवांत गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळ्या, फळ्यांवर काळे ट्रे, आणि ट्रेच्या खाचाखाचांतून बोटभर रोपं. एक फवारा वरून सरकत जायचा आणि सगळी रोपं एकदम मान हलवायची. कापडावर उन्हाचा पिवळा उजेड साचला होता. भिंगरी तिसऱ्या मांडवात होती. गुडघ्यापर्यंत बूट, कानामागं पेन्सिल. दोन बायकांना ती काहीतरी दाखवत होती, पान उलटं करून.

"काका!" ती धावतच आली. "बाबा बरे आहेत ना?"

"बरा आहे. मी असाच आलो."

"असे तुम्ही कधी येता?" ती हसली. उलट्या ठेवलेल्या एका पेटीवर तिनं त्याला बसवलं, दुसरीवर आपण बसली. त्यानं कागद पुढं केले. तिनं हात विजारीला पुसले, दोरा सोडला आणि वाचायला लागली. ओठ हलवत वाचायची, बापासारखी. तिसऱ्या कलमाशी तिनं वर पाहिलं, पुन्हा वाचलं. सातव्याशी थांबली.

"विहीर खोल करायला तुम्हाला विचारायचं नाही?"

"नाही."

"हे मनापासून लिहिलंय?"

"चार दिवस लागले."

तिला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचं काय करावं ते तिला कळेना. तिनं कागद मांडीवर ठेवले. "काका, मी रोज येत होते. तुम्ही मला विचारत होता, आभाळ काय म्हणतंय."

"बोलणी चालू असताना त्या विषयावर बोलायचं नसतं, भिंगरे. तशी रीत आहे."

"बोलणी? कुणाशी चालली होती बोलणी?"

"तुझ्याशीच की."

"अहो, मला कुठं माहीत होतं!"

शेजारच्या फळीवरून फवारा सरकत गेला. बारीक तुषार दोघांच्या अंगावर आले. त्याला एवढ्या वर्षांच्या सगळ्या खोल्या आठवल्या, लांब टेबलं, पाण्याचे पेले, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या. समोरची खुर्ची कधी रिकामी नसायची. या वेळी त्यानं पाहिलंच नव्हतं. एकोणीस दिवस तो एकटाच टेबलाशी बसून समोरच्याचं मन राखत होता आणि समोरची फाटकाशी उभी होती, खुरपं या हातातून त्या हातात घेत.

"तुझी बॅग दारात होती," तो म्हणाला. "मला वाटलं, ती मला दाखवायला ठेवलीयस. म्हणजे दबाव म्हणून."

"दबाव?" तिला कळलंच नाही. मग कळलं. "काका, बॅग जड होती. बाबांच्यानं उचलवत नाही, म्हणून मीच दोन दिवस आधी बाहेर आणून ठेवली."

त्यानं मान हलवली. मग जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं, मसुद्याशिवाय बोलला. शब्द अडखळत आले. "चल परत. आत्ता चल. कागद फाडून टाक हवं तर. जमीन तुझीच आहे. पाच वर्षं तुझीच होती. मी आपला ओसरीवर बसायचो. तू गातेस ते ऐकत."

भिंगरीचे डोळे भरले. तिनं ते दडवले नाहीत, मनगटानं पुसले, गालाला माती लागली.

"हे तुम्ही फाटकाशी म्हटलं असतंत तर मी नाचले असते, काका. अगदी तिथंच. पण इथं मी दोन वर्षांचा शब्द दिलाय. या दोन बायकाही माझ्या भरवशावर दुसरं काम सोडून आल्यात. इथल्या मालकांनी मला दारातच विचारलं, राहणार ना? मी म्हटलं, राहते. ते म्हणाले, मग बूट घाला."

"दोन वर्षांनी?"

तिनं कागद नीट जुळवले, दोरा ओवला, गाठ मारली. "दोन वर्षांनी बघू," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. हे वाक्य किती मायेनं म्हणता येतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं ते जगातल्या निम्म्या राजधान्यांत म्हटलं होतं, आणि कुणालाच दोन वर्षांनी काही मिळालेलं नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, "बाबांचं पाणी कोण भरतं?"

"मी भरतो," तो म्हणाला. ते खरं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीपासून तो भरू लागला. दादा दारातली घागर आत घ्यायचा, रिकामी बाहेर ठेवायचा.

पेरणीचे दिवस आले आणि गेले. गावातले मजूर ज्याच्या त्याच्या शेतात गुंतले होते. पाहुण्याच्या शेतात काय सांगायचं ते सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणी आलं नाही. पुस्तक उघडून त्यानं एक तुकडा स्वतः पेरायला घेतला. बी खोल गेलं, कुजलं. दादानं आपल्या शेतात घरापुढच्या दोन वाफ्यांपुरतं कसंबसं टाकलं, बसून, सरकत सरकत. उरलेली दोन्ही शेतं तशीच पडली. पाऊस मात्र वेळेवर आला, मन लावून पडला. महिन्याभरात सगळं शेत हिरवंगार झालं, बांधाच्या अल्याडही आणि पल्याडही.

एके दुपारी फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. बियाणं विकत फिरणारा कुणी परगावचा माणूस होता. मागं पिशव्या बांधलेल्या. त्यानं कपाळावर हात धरून शेतावर नजर टाकली.

"वा, मालक! काय दाट उठलंय! सगळ्या रस्त्यानं असं शेत बघितलं नाही. काय पेरलंय?"

धाकटा फाटकापर्यंत चालत आला. वाऱ्यानं तण एका अंगाला लवलं, पुन्हा उभं राहिलं. लांबून खरंच देखणं दिसत होतं.

"काही नाही पेरलं," तो म्हणाला.

माणूस हसला. "सांगायचं नसेल तर राहू द्या. वाण कुणी सांगत नाही, आपल्याला माहिती आहे."

"खरंच सांगतो. नाही पेरलं."

माणसानं नीट बघितलं, जवळून. त्याचं हसू ओसरलं. त्यानं गाडीला किक मारली आणि तो गेला. धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत होती.

धाकटा घरात गेला, अडगळीतून विळा शोधून काढला आणि बांधाच्या कडेनं कापायला बसला. हाताला वळण नव्हतं. दोन हात जागा कापून होईतो तळव्याला फोड आला. त्यानं मान वर केली तेव्हा पलीकडे दादा अंगणात उभा होता, खांबाला धरून, इकडेच बघत. दोघांच्या मधे सगळं हिरवं सळसळत होतं. दादा आता काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. कापू नको, मुळासकट उपट, एवढं तरी. तो थांबला. विळा हातात धरून थांबून राहिला.

दादानं खांबावरचा हात काढला. मग तो वळला, एकेक पाऊल टाकत आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.